तीन अ‍ॅक्सिस गिंबलवालं ड्रोन, आठ महिने वापरून झाल्यावर

डिसेंबरात घेतलेलं, आता ऑगस्ट संपत आला. गिंबल म्हणजे ड्रोनखाली कॅमेरा स्थिर धरणारा मोटरांचा सांधा, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे तो ज्या दिशांना सावरतो त्या. मी कोल्हापुरात स्ट्रिंगर आहे, दोन चॅनलना फूटेज देतो आणि सीझनला लग्नाच्या ऑर्डरी. ड्रोन नऊशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ड्रोन रूल्स 2021 प्रमाणे मायक्रो गटातलं. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, या साइजच्या बहुतेक ड्रोनचं हे असंच आहे.

माझं जुनं दोन अ‍ॅक्सिसचं होतं, त्यात ड्रोन वळवलं की फ्रेमला झटका बसायचाच. ह्यात टिल्ट (वर-खाली), रोल (बाजूला कलणं), पॅन (डावी-उजवीकडं) तिन्हीला वेगळी मोटर, आतली जायरोची चिप ड्रोन किती कललं ते सांगते आणि मोटर कॅमेरा तेवढाच उलट दिशेला फिरवते. जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडं निघालेलं, तेव्हा दोन सरींच्या मधे उडवून पंचगंगेचा सलग मिनिटभराचा शॉट दिला, चॅनलच्या डेस्कनं न कापता तसाच्या तसा चालवला. एवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

पण हाच गिंबल माणसाला फसवतो राव. जोतिबाच्या डोंगरावर सकाळी शॉट घेत होतो, स्क्रीनवर चित्र असं की जरा सुद्धा हलत नाही, मी आपला निवांत पुढं पुढं नेतोय. मान वर करून बघतो तर ड्रोन वाऱ्यात नाक खाली घालून नुसतं झगडतंय, कारण हवेचा मार कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही, तो सगळा गिंबलच्या मोटरा गिळतात. जाताना वारा पाठीशी होता, परत येताना तोंडावर, आणि बॅटरी बघता बघता 45 टक्क्यांवरून 18 वर. शेवटी खालच्या बांधावर उतरवलं आणि उन्हात वीस मिनिटं चालत जाऊन आणलं. मित्र म्हणाला देवानं वाचवलं, मी म्हटलं बांधानं.

दुसरा धडा जोतिबाच्या चैत्र यात्रेचा. परवानगी काढलेली, गर्दीवर न नेता कडेनं उडवत होतो, तरी उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं जमिनीवरचा गुलाल उडाला आणि थेट गिंबलच्या सांध्यात. दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर कॅमेरा चक्कर आल्यासारखी मान हलवायला लागला आणि स्क्रीनवर मोटर ओव्हरलोड. सर्व्हिसवाल्यानं अख्खा गिंबल बदला म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी घरी आलो, मेकअपचा मऊ ब्रश घेतला (बायकोचा, तिला अजून सांगितलेलं नाही), तासभर बसून झाडला, सपाट फरशीवर ठेवून कॅलिब्रेट केला. चाललं. होरायझन (चित्रातली क्षितिजाची रेघ) मात्र अजून केसभर डावीकडं झुकतो, दर वेळी सेटिंगमधे जाऊन सरळ करतो. तेव्हापासून टेक ऑफ आणि लँडिंगला घडीची ताडपत्री सोबत असते.

आणि एक, चित्र जेलीसारखं थरथरायला लागलं तर लगेच गिंबलला शिव्या देऊ नका. गिंबल कलणं आणि डुलणं सावरतो, पण पंख्याची बारीक कंपनं मधल्या रबरी डॅम्परनं गिळायची असतात. माझ्या एका पंख्याला नखाएवढा चिरा होता, डोळ्याला दिसतही नव्हता, बोट फिरवल्यावर कळलं. पंखा बदलला, जेली गेली.

धंद्यासाठी उडवत असाल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतंच, आणि उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं कुठं उडवायला चालतं तो झोन नकाशावर बघितल्याशिवाय मी बॅग उघडत नाही. पिशवीत ठेवताना गिंबलचा क्लॅम्प लावा, आणि चालू करायच्या आधी तो काढा, मी दोनदा विसरलोय, मोटर कण्हल्यासारखा आवाज करते.

आता वारं असलं की धाकट्या भावाला सोबत नेतो. त्यानं स्क्रीन बघायचीच नाही, नुसतं वर बघायचं आणि ड्रोन लई कललं की ओरडायचं.