सीविंड ३००० की सीरे?

पाण्यावर आणि धावपट्टीवर, दोन्हीकडे उतरणारं विमान अमेरिकेत घरच्या गॅरेजात बांधायचं मनात असेल, तर फोटो बघून ठरवू नका. सीविंड आणि सीरे ही सुट्या भागांच्या किटमधून बांधायची अशीच दोन विमानं. फोटोत सीविंड बाजी मारते आणि सीरे बिचारी साधीसुधी दिसते.

सीविंड मूळची कॅनडाची. चार आसनं, अंग सगळं कंपोझिटचं, म्हणजे रेझिन या चिकट द्रवानं घट्ट केलेल्या तंतूंच्या थरांचं. ३०० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन केबिनच्या मागे, शेपटीच्या उभ्या पंखाला जोडलेलं. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात. फ्लोरिडाची सीरे दोन आसनांची. तिचा पाण्यात बसणारा तळ तेवढा कंपोझिट. पंख म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं कापड. १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ इंजिन, वेग सीविंडच्या जेमतेम निम्मा. पेट्रोलही त्याच बेतानं कमी, आणि गाडीचं चालतं.

पण खरा फरक पडतो तो बांधताना. सीरेचं काम नळ्या, रिव्हेट आणि कापडाचं. चूक झाली तर उसवून पुन्हा करता येतं. सीविंडमध्ये रेझिन, पुट्टी आणि घासकाम, घासून घासून खांदे भरून येतात. हात सैल सुटून रेझिन जास्त गेलं, तर ते वजन विमान जन्मभर वाहतं. त्यात सीविंडचं नवं किट आता मिळत नाही. मिळतं ते कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं. असं किट बघायला गेलात तर खिशातलं नाणं काढून सगळीकडे टकटक करा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर तिथे थर सुटलेले असू शकतात. आधीच्या माणसाच्या कामाचे फोटो आणि नोंदवही हवीच. नोंदणीच्या वेळी निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झाल्याचं दाखवावं लागतं, त्यात त्याचंही काम धरलं जातं.

दोघींचं इंजिन उंचावर, म्हणून थ्रॉटल देऊन इंजिनाचा जोर वाढवला की नाक खाली जातं. सीविंडच्या ३०० अश्वशक्तीला हे जास्तच जाणवतं. पाण्यावर उसळी बसली की हात आपोआप थ्रॉटलकडे जातो, आणि नेमकं तेव्हाच नाक खाली नको असतं. चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलात तर दोन्ही उलटतात, तिथे डावं-उजवं नाही.

दोघंच उडणार आणि तळी जवळपासची असतील, तर सीरे घ्या. फक्त सुटे भाग कुठून मिळतात ते आधी विचारा. चौघांना लांब न्यायचंच असेल, तर सीविंड बांधू नका, उडती विकत घ्या. पैसे देण्याआधी विम्याचा आकडा मागवा, आणि तेच विमान उडवलेला प्रशिक्षक शोधा.