खणून पाहिलेला रस्ता: भ्रष्टाचाराच्या अर्थशास्त्रावरचा एक ऑनलाइन कोर्स

एकोणीस वर्षं हिशेब तपासणीत गेल्यावर भ्रष्टाचाराबद्दल आपल्याला कोणी काय नवीन सांगणार, अशी माझी समजूत होती. तरी या सहा आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलं, पूर्ण केला, आणि तिसरा आठवडा दोनदा पाहिला.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांच्या गुन्ह्यांवरच्या १९६८ च्या मांडणीपासून होते. गुन्ह्यातून मिळणारा फायदा एका पारड्यात, पकडलं जाण्याची शक्यता आणि शिक्षा दुसऱ्या पारड्यात. मग रॉबर्ट क्लिटगार्ड यांचं सूत्र येतं: भ्रष्टाचार म्हणजे मक्तेदारी अधिक मनमानीचा अधिकार वजा उत्तरदायित्व. शिकवणं स्वच्छ आहे, पण हे दोन आठवडे फळ्यावरच राहतात.

तिसऱ्या आठवड्यात मात्र अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा इंडोनेशियातला अभ्यास येतो आणि मी ताठ बसले. सहाशेहून जास्त गावांत रस्ते बांधले जात होते. काही गावांना आधीच सांगितलं की तुमची तपासणी नक्की होणार. एरवी ती शक्यता फक्त ४ टक्के होती. रस्ते झाल्यावर अभियंत्यांनी ते जागोजागी खणले, खडी-वाळू किती पडली ते मोजलं, आसपासच्या विक्रेत्यांकडून भाव काढले, मजुरांना मजुरी विचारली. त्यावरून खरा खर्च मांडला आणि कागदावरच्या खर्चातून वजा केला. खडी जमिनीत दबते, थोडी सांडते, तिला चोरी म्हणायचं का? म्हणून त्यांनी स्वतः छोटे रस्ते बांधून नैसर्गिक घट किती येते तेही मोजलं. ही काळजी पाहून मला भरून आलं. तपासणीची खात्री असलेल्या गावांत गहाळ खर्च सुमारे ८ टक्के बिंदूंनी कमी निघाला. गावकऱ्यांना हिशेबाच्या बैठकांना बोलावण्याचा एकूण परिणाम फारसा दिसला नाही. आणि तपासणी वाढली तिथे कामावर अधिकाऱ्यांचे नातेवाईक वाढले. म्हणजे एक वाट बंद केली की पाणी दुसरीकडून वाहतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

मला इतकं का भिडलं ते सांगते. माझ्यासमोर एकदा तीन महिन्यांच्या पावत्यांचा गठ्ठा आला. तारखा वेगळ्या, पुरवठादार वेगळे, बेरीज चोख. उलटून पाहिलं तर प्रत्येक पावतीच्या पाठीवर तिच्या खालच्या पावतीच्या शिक्क्याचा पुसट, उलटा ठसा. शाई ओली असताना एकावर एक रचलेल्या, म्हणजे सगळ्या एकाच बैठकीत तयार झालेल्या. मी टिपण लिहिलं. अंतिम अहवालात ते नव्हतं. कागद कागदाशी जुळले की आमचं काम संपतं, तिथे हा माणूस रस्ता खणतो.

चौथा आठवडा पगारांचा. पोट भरलं की हात थांबतो, असं मीही मानत आले. घानात २०१० मध्ये पोलिसांचे पगार दुप्पट झाले. महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या नोंदी पाहिल्या तर लाच कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. उलट ब्यूनस आयर्समधल्या सरकारी रुग्णालयांत, खरेदीचे दर एकमेकांशी ताडून पाहणं सुरू होताच साध्यासुध्या वस्तूंचे दर सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. पगाराचा उपयोग व्हायचा तर सोबत कोणीतरी बघणारं हवं, हे इथे नीट पटतं.

पाचवा आठवडा ब्राझीलचा. २००३ पासून तिथे तपासणीसाठी नगरपालिका सोडत काढून निवडल्या जात. २००४ च्या निवडणुकीआधी ज्यांचे गैरव्यवहार जाहीर झाले त्या महापौरांना मतदारांनी फटका दिला, आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे तो जास्त बसला. सोडतीमुळे 'आम्हालाच का?' हा प्रश्नच उरत नाही. तपासणीला कोणाचं नाव लागायचं हे फोनवर ठरताना मी पाहिलंय, म्हणून हा भाग मला अनमोल वाटतो.

आता तक्रारी. तपासणाराच विकला गेला तर काय, यावर जेमतेम चार मिनिटं आहेत. बेकर आणि स्टिगलर यांनी १९७४ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. त्याला अख्खा आठवडा द्यायला हवा होता. गैरव्यवहार उघड करणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, याबद्दल अवाक्षर नाही, आणि याचा मला खरोखर राग आला. शेवटचा आठवडा भ्रष्टाचार किती आहे असं लोकांना वाटतं ते मांडणाऱ्या निर्देशांकांचा, तो घाईत उरकलाय. स्वाध्यायात साल आणि नावं विचारतात. त्यापेक्षा एक खोटा हिशेब हातात देऊन 'यात काय मोजाल?' असं विचारलं असतं तर किती शिकता आलं असतं.

तरीही हिशेब, तपासणी, सरकारी खरेदी किंवा पत्रकारितेत असाल तर हा कोर्स जरूर करा. पहिले दोन आठवडे भराभर ऐकले तरी चालतील. तिसरा आणि पाचवा वही घेऊन बसून पाहा, आणि रस्ता खणण्याचा भाग आपल्या साहेबांनाही दाखवा.