ग्रोव्ह बिगिनर किट : तोडण्याआधी हे वाचा

सीड स्टुडिओचं 'ग्रोव्ह बिगिनर किट फॉर आर्डुइनो' म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग शिकायचा एकच मोठा बोर्ड. मधोमध लोटस नावाचा कंट्रोलर, त्यावर आर्डुइनोच्या नेहमीच्या 'उनो' बोर्डाचीच एटीमेगा३२८पी चिप, आणि भोवती दहा मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाचे छोटे भाग : एलईडी, बझर, बटण, नॉब, प्रकाश, आवाज, तापमान-आर्द्रता, हवेचा दाब, हालचाल आणि छोटा ओएलईडी डिस्प्ले. सगळं आतूनच जोडलेलं, पण हवं ते मॉड्यूल तोडून वेगळंही करता येतं. सर्किटचे आराखडे खुले आहेत, त्यामुळे एखादं मॉड्यूल बंद पडलं तर मल्टिमीटर घेऊन कुठे काय तुटलं ते शोधता येतं.

साध्या ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पट्टी) किटपेक्षा हे महाग पडतं. पण नवशिक्याचा निम्मा वेळ सैल जंपर (जोडणीची सुटी तार) शोधण्यात जातो, तो इथे वाचतो. जास्तीचे पैसे त्याचेच.

सुरुवातीला संगणकावर सीपी२१०२ या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाका, आयडीईत (कोड लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) बोर्ड 'आर्डुइनो उनो' निवडा आणि मग पोर्ट. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. चार्जरसोबत आलेल्या काही केबली फक्त वीज नेतात, डेटा नाही. बोर्डावरचा दिवा लागतो आणि माणूस तासभर ड्रायव्हरला शिव्या घालतो.

आता तापमानाचा सेन्सर. निळा असेल तर तो डीएचटी११, काळा असेल तर नवा डीएचटी२०. दोघांची लायब्ररी (तयार कोडचा संच) वेगळी : निळा डी३ पिनवर बोलतो, काळा आयटूसी या दोन तारांच्या सामायिक जोडणीवर. जुन्या व्हिडिओतला कोड काळ्यावर चालत नाही, तो याचमुळे. सोलापूरकरांनी काळाच मागावा. डीएचटी११ ची मर्यादा ५० अंशांपर्यंत आणि चूक २ अंश इकडे-तिकडे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माग-शेडमध्ये किंवा गच्चीवर उन्हात ठेवलात तर त्याच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. डीएचटी२० ८० अंशांपर्यंत जातो. शेडमध्ये ठेवायचं तर सुताचा भुगा जाळीवर साचतो, मऊ कोरड्या ब्रशने झाडत राहा. आवाजाच्या मॉड्यूलकडून मात्र मागाचे डेसिबल मोजायची अपेक्षा ठेवू नका. ते फक्त कमी-जास्त सांगतं.

दाबाचा बीएमपी२८० इथे हमखास गोंधळ घालतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर, म्हणून आकडा ९५० ते ९६५ हेक्टोपास्कलच्या आसपास येतो. हवामानखात्याचा १००० च्या पुढचा आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. सेन्सर बिघडलेला नाही, परत पाठवू नका. कोडमध्ये उंची काढताना समुद्रसपाटीच्या दाबासाठी १०१३.२५ हा ठरावीक आकडा वापरला तर मात्र उत्तर ऋतूप्रमाणे हलतं. १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळपास ९ मीटर.

ओएलईडीसाठी यू८जी२ लायब्ररीतली यू८एक्स८ ही फक्त अक्षरं दाखवणारी पद्धत वापरा. पूर्ण बफरची पद्धत, म्हणजे अख्खं चित्र आधी मेमरीत ठेवणारी, १२८ बाय ६४ च्या डिस्प्लेसाठी १०२४ बाइट अडवते, आणि चिपकडे रॅमच २०४८ बाइट. बाकीच्या लायब्रऱ्या आल्या की बोर्ड मध्येच अडकतो किंवा डिस्प्ले कोराच राहतो, आणि कंपाइल करताना फार तर कमी मेमरीची एक सूचना येते.

मॉड्यूल तोडून वेगळी करता येतात, ही या किटची मुख्य जाहिरात. घाई नको. तोडलं की आतली जोडणी संपली, पुढे केबल लागते, आणि डब्यात केबली ६, मॉड्यूल १०. हिशेब तुम्हीच करा. आधी वेगळा करण्यासारखा एकच : तापमानाचा, कारण बोर्डाच्या उबेपासून तो लांब हवा. यूएसबी काढा, लहान निपरने छिद्रांच्या रांगेवर दोन छिद्रांमधला एकेक पूल कापा. हाताने वाकवून मोडू नका, तडा शेजारच्या तांब्याच्या रेषेत जातो. ग्रोव्हच्या सॉकेटमधल्या पिना २ मिमी अंतरावर, म्हणून नेहमीची २.५४ मिमीची जंपर त्यात बसत नाही. ग्रोव्ह-टू-जंपर केबल वेगळी मागवावी लागते. तारांचे रंग पाठ करा : लाल वीज, काळी ग्राउंड, पिवळी आणि पांढरी सिग्नल, आयटूसीत पिवळी एससीएल, पांढरी एसडीए.

आणखी एक खोच. प्रकाशाचं मॉड्यूल ए६ या पिनवर आहे. साध्या लांब चिपवाल्या उनोला ती पिनच नाही, त्यामुळे तोच कोड तिथे टाकला की निरर्थक आकडे येतात. कोडमध्ये ए० ते ए५ पैकी रिकामी पिन लिहा.

मोटर किंवा पाण्याचा पंप पिनवर थेट लावू नका, एका पिनकडून २० मिलिअँपिअरच्या वर घेऊ नये. ट्रान्झिस्टर, मोटरच्या दोन टोकांवर उलटा १एन४००७ डायोड, वेगळा सप्लाय आणि दोन्हींची ग्राउंड एकत्र, एवढं लागतंच.

किटमध्ये ओहमचा नियम हाताला लागत नाही, ही खरी उणीव. सोबत एक ब्रेडबोर्ड, पाच लाल एलईडी आणि २२० ओहमचे दहा रेझिस्टर घ्या. ५ व्होल्टवर लाल एलईडीतून साधारण १३-१४ मिलिअँपिअर जातात. ते मल्टिमीटरवर मोजून दाखवा, मगच मुलाला दुसरं मॉड्यूल द्या.