रेशनचे धान्य अडले तर दाद कुठे मागायची? तक्रार निवारण सेवेचे परीक्षण

रेशनबद्दल जे काही लिहिले जाते, त्यात धान्याचा दर्जा, माल उशिरा येणे किंवा दुकानदाराची वागणूक हेच विषय प्रामुख्याने असतात. हे परीक्षण धान्याचे नसून, धान्य अडल्यानंतर शिधापत्रिकाधारकाला ज्या सेवेकडे वळावे लागते त्या सेवेचे आहे. दुकानातले मशीन, हेल्पलाइन, मोबाइलवरचे अ‍ॅप, तहसील कार्यालयातील पुरवठा शाखा आणि तिच्या वरचे अधिकारी या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. शेजारच्या वयस्कर मंडळींसोबत रास्त भाव दुकानात आणि पुरवठा शाखेत माझे बरेच जाणे-येणे होते, आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की, ज्याच्या हातात कागद आहे त्याचे काम ही सेवा बऱ्यापैकी करते, पण ज्याला तोंडी नकार मिळाला त्याच्यासाठी ती जवळजवळ अस्तित्वातच नसते.

आधी हक्क नेमका काय आहे ते सांगणे आवश्यक आहे, कारण निम्म्या तक्रारी तिथेच अडखळतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातील, कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच राहील असे केंद्र सरकारने ठरवले आहे. त्यामुळे या धान्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ती तक्रारीची बाब आहे, घासाघीस करण्याची नव्हे. मात्र केशरी कार्ड हातात असणे आणि अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये आहे. शिवाय राज्याला एकूण सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची कमाल मर्यादा घालून दिलेली आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर लोकसंख्या वाढली, पण मर्यादा तीच राहिली. म्हणून पात्र असूनही कित्येक कुटुंबांना यादीत जागा होईपर्यंत थांबावे लागते आणि त्यांच्या तक्रारीवर दुकानदार किंवा हेल्पलाइन यांपैकी कोणीही उपाय करू शकत नाही.

आता दुकानातल्या मशीनकडे वळू, कारण सर्वांत जास्त माणसे तिथूनच रिकाम्या हाताने परत जातात. ई-पॉस यंत्रावर बोटाचा ठसा जुळला की धान्य मिळते, हे ऐकायला सरळ वाटते. पण आयुष्यभर भांगलण, धुणीभांडी किंवा विटांचे काम केलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. आमच्या भागातील एका दुकानात मी असाच प्रसंग जवळून पाहिला आहे. आजी बोट पदराला पुसून काचेवर ठेवतात, दुकानदार म्हणतो, "आजी, जरा दाबून धरा," मग म्हणतो, "आता दुसरं बोट लावा," मागची रांग चुळबुळू लागते आणि शेवटी तो सांगतो, "थम्ब येत नाहीये, पुढच्या आठवड्यात या." यात दुकानदाराची नियत वाईट असतेच असे नाही, पण आजी परत जातात तेव्हा त्या आल्या होत्या याची कोणतीही खूण त्यांच्या हातात नसते, आणि पुढच्या आठवड्यात महिनाही संपलेला असू शकतो.

असा नकार नियमात बसत नाही, ही गोष्ट फार थोड्या कार्डधारकांना माहीत असते. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये एका ११ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. आधार जोडणी नसल्याने तिच्या कुटुंबाचे रेशन कार्ड रद्द झाले होते, आणि ती भुकेने गेली असे तिच्या कुटुंबाचे म्हणणे होते. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने सर्व राज्यांना स्पष्ट लिहून कळवले की, केवळ आधार नाही म्हणून कोणाचे नाव यादीतून काढू नये आणि ठसा न जुळणे, नेटवर्क नसणे अशा तांत्रिक कारणांवरून पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. ज्या घरातल्या एकाचा ठसा येत नाही, तिथे कार्डावरील दुसरी कोणतीही व्यक्ती अंगठा देऊ शकते, आणि घरात दुसरे कोणीच नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, डोळ्याच्या बुबुळाची तपासणी किंवा पुरवठा शाखेकडून नोंदवून घेतलेला नॉमिनी (आपल्या वतीने धान्य उचलणारी व्यक्ती) हे पर्याय विचारता येतात. "पुढच्या आठवड्यात या" या उत्तरावर "मग दुसरा कोणता मार्ग आहे तो सांगा" असे शांतपणे विचारले, तर पुष्कळदा तो मार्ग तिथल्या तिथे सापडतो.

पुराव्याचा मुद्दा मी इतका लावून धरतो, त्याला कायदेशीर कारण आहे. अधिनियमाच्या कलम ८ नुसार हक्काचे धान्य मिळाले नाही, तर राज्य सरकारकडून अन्नसुरक्षा भत्ता मिळण्याचा अधिकार आहे. २०१५ च्या नियमांनुसार तो त्या धान्याच्या किमान आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून कायद्यातील विक्री दर वजा करून काढतात. परंतु ज्याने त्या महिन्यात धान्याची मागणीच केली नाही, त्याला हा भत्ता नाही. म्हणजे आपण दुकानात गेलो होतो हे दाखवण्याचा भार त्या आजींवर येऊन पडतो, आणि त्यांच्या हाती तर काहीच नसते. यावर मला सापडलेला सर्वांत उपयोगी मार्ग असा की, आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून मागील सहा महिन्यांचा प्रमाणीकरण इतिहास, म्हणजे आधारवरून ओळख केव्हा-केव्हा तपासली गेली याची नोंद, पाहता येतो आणि त्यात अयशस्वी झालेले प्रयत्नही तारीख-वेळेसह दिसतात. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असावा लागतो, ही अडचण खरी आहे. पण जिथे तो जोडलेला आहे, तिथे त्या पानाची छापील प्रत तक्रारीला जोडल्यावर "तुम्ही आलाच नव्हता" असे म्हणायला कोणाला जागा उरत नाही. धान्य मिळते तेव्हाची पावतीही मागून घ्यावी आणि लगेच तिचा फोटो काढून ठेवावा, कारण त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते आणि ऐन वेळी वजनाचा आकडाच वाचता येत नाही.

हेल्पलाइनचे क्रमांक १९६७ आणि १८००-२२-४९५० असे आहेत आणि दोन्ही निःशुल्क आहेत. दुकान ठरलेल्या वेळेत बंद असणे, पावतीपेक्षा कमी धान्य देणे, पावतीच न देणे, पैसे मागणे अशा दुकानापुरत्या तक्रारींसाठी हा मार्ग योग्य आहे. फोन करताना कार्डाचा १२ अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक आणि तारीख समोर ठेवावी, आणि तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. मात्र नाव कमी झाले आहे, नाव चढलेले नाही किंवा कार्ड ऑनलाइन दिसत नाही, अशा कामांत हेल्पलाइनची धाव मर्यादित असते, कारण दुरुस्तीचा अधिकार पुरवठा शाखेकडे असतो. हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. ऑगस्ट २०२४ पासून नव्या रूपात आलेले 'मेरा राशन' अ‍ॅप आपल्या वाट्याचे धान्य किती आणि उचल किती झाली हे पाहण्यासाठी चांगले आहे, पण स्वतःचा स्मार्टफोन नसलेल्या माणसाला त्याचा उपयोग घरातल्या तरुण मुलाच्या सवडीवर अवलंबून राहतो.

या सेवेत सर्वांत जास्त जीव लावून दुरुस्त करण्यासारखी बाब म्हणजे नावे कमी होणे. ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळख पडताळणी) झाली नाही, आधार क्रमांक दोन कार्डांवर आढळला, सून माहेरच्या कार्डावरून निघाली पण सासरच्या कार्डावर चढली नाही, किंवा वाढत्या वयाच्या मुलाचे आधारमधले ठसे अद्ययावत केलेले नाहीत, अशी कारणे असतात. ५ आणि १५ वर्षांच्या टप्प्यावर मुलांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, हे अनेक पालकांना ई-केवायसी अडेपर्यंत ठाऊक नसते. कुटुंबाला ही बातमी कळते ती मात्र दुकानात, जेव्हा पाच माणसांऐवजी चौघांचेच धान्य समोर येते आणि दुकानदार मशीनकडे बोट दाखवून म्हणतो, "ताई, यात चारच नावं दिसतात." आधी कसलीही सूचना न देता एखाद्याच्या तोंडचे ५ किलो धान्य काढून घेणे मला अन्यायाचे वाटते, मग त्यामागचे कारण कितीही तांत्रिक असो. आता ई-केवायसीसाठी चेहरा ओळखणारे 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपही आले आहे, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुकानापर्यंत उचलून नेण्याची गरज उरलेली नाही, आणि ही सुधारणा खरोखर मोलाची आहे.

नाव गेलेच, तर पुरवठा शाखेत जाण्यावाचून इलाज नाही. तिथे अनुभव बराचसा समोरच्या टेबलावर कोण बसले आहे यावर ठरतो. काही लिपिक स्वतःहून संगणकावर कार्ड उघडून नेमके कारण सांगतात आणि काही जण "साइट बंद आहे" एवढेच सांगून मान खाली घालतात. अशा वेळी तोंडी विनंतीवर विसंबू नये. नाव वाढवण्याचा विहित नमुन्यातील अर्ज दोन प्रतींत न्यावा, एक प्रत देऊन दुसरीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. आवक क्रमांक पडला की अर्ज हरवला असे म्हणणे कठीण होते आणि पुढच्या खेपेस बोलण्याची सुरुवात त्या क्रमांकापासून करता येते. शासनाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक लॉगिन करून घरबसल्याही अर्ज भरता येतो आणि त्याची स्थिती पाहता येते, त्यामुळे रोजंदारी बुडवणे ज्यांना परवडत नाही त्यांनी आधी तो मार्ग करून पाहावा. नाव चढवून देतो म्हणून बाहेर पैसे मागणाऱ्या एजंटाकडे कोणताही वेगळा अधिकार नसतो, तोही तोच अर्ज भरतो.

स्थलांतर करणाऱ्यांसाठी 'एक देश एक रेशन कार्ड' ही सोय मात्र मी मनापासून वाखाणतो. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून तिची सुरुवात झाली आणि जून २०२२ पर्यंत ती देशभर पोहोचली. बीडचा ऊसतोड मजूर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेला, तरी त्याच कार्डावर तो तिथल्या दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो आणि गावाकडे राहिलेले आईवडील उरलेला वाटा तिकडे घेऊ शकतात. अडचण येते ती बाहेरच्या कार्डांसाठी दुकानात माल शिल्लक नसल्याची. तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच जावे.

खालच्या पातळीवर काम झाले नाही, तर कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी ठेवलेला आहे आणि त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा सबळ कारणाशिवाय न देणाऱ्या लोकसेवकाला ५ हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद कलम ३३ मध्ये आहे. एवढी ताकद असलेल्या या व्यवस्थेचे नाव दुकानाच्या फलकावर ठळक अक्षरांत असायला हवे. मी पाहिलेल्या फलकांवर साठा आणि वेळ यांची माहिती असते, पण त्या अधिकाऱ्याचा पत्ता शोधावा लागतो. रेशन व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या गावातील दक्षता समितीलाही कायद्याचे पाठबळ आहे. जिथे तिच्या बैठका नियमित होतात, तिथे बऱ्याच तक्रारी तालुक्यापर्यंत जाण्याआधीच सुटू शकतात.

दुकानदारांविषयीही एक गोष्ट नमूद करायला हवी. त्यांचे कमिशन क्विंटलमागे १५० रुपये होते आणि ते २०२५ मध्ये १७० रुपये झाले. सर्व्हर बंद पडला की रांगेचा राग त्यांच्यावरच निघतो, आणि मशीन दुरुस्त करणे त्यांच्या हाती नसते. त्यामुळे ठसा न जुळल्यास मशीनमधून कार्ड क्रमांक, तारीख, वेळ आणि नकाराचे कारण छापलेली पावती निघाली, तर दुकानदाराचीही बाजू सुरक्षित राहील आणि कार्डधारकाला भत्त्याचा अर्ज करता येईल. मशीनला प्रिंटर जोडलेला आहे, अयशस्वी प्रयत्नाची नोंद आधारच्या प्रणालीत होतेच आहे. ती नोंद कागदावर उतरवून कार्डधारकाच्या हाती द्यावी, अशी लेखी सूचना मी आमच्या पुरवठा शाखेत दिली आहे आणि तिची पोच घेतली आहे.