साखर की इथेनॉल?
आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांपुढं उसाच्या रसाचे दोन रस्ते. साखर केली तर पोती गोदामात थप्पीला आणि बँकेचं व्याज चढतं. २०१९ ला ठरलेला किलोला ३१ रुपयांचा किमान विक्री दर वर्षानुवर्षे हलला नाही. एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा द्यायचा किमान दर, मात्र वाढत गेली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, २०२२-२३ ला रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये ठरले होते. पण ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्राच्या एका आदेशानं इथेनॉलसाठी रस वापरायला बंदी आली. रसापासून इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या थंडावल्या, कर्जाचे हप्ते चालूच! २९ ऑगस्ट २०२४ ला मोकळीक मिळाली. तरी मी इथेनॉलच्याच बाजूनं. शेतकऱ्याचं बिल १४ दिवसांत द्यायचं तर रोकड तिथूनच येते. सरकारनं फक्त धोरण हंगामाआधी सांगावं, मध्येच फिरवू नये.