पाण्याची रेघ

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. नोव्हेंबर २०२४ पासून गाडीवर झालेला प्रत्येक खर्च तीत तारखेसकट लिहिला आहे. काय बिघडलं, कुठे दुरुस्त केलं, किती लागले. आठ महिने मी ती वही अभिमानाने लिहिली. चांगली पण जुनी गाडी घ्यायची आणि दर महिन्याला थोडं थोडं करत तिला उभी करायची, हा माझा कित्येक वर्षांचा बेत होता. माझी फसवणूक त्याच वहीत पानोपानी लिहिलेली होती, आणि ती मला वाचता आली नाही.

प्रतापनगरात माझं औषधाचं दुकान आहे. दुकानाचं कर्ज फिटलं त्या वर्षी मी ठरवलं की आता एक उघड्या छताची गाडी घ्यायची. नवी घेण्याची ऐपत नव्हती. नागपुरात अशी गाडी म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीची चैन, हेही ठाऊक होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर छत उघडून कोण बसणार? पण थंडीतल्या संध्याकाळी सेमिनरी हिल्सवरून खाली उतरावं, फुटाळ्याच्या कडेने एक चक्कर मारावी, शेजारी लेक बसलेली असावी, एवढंच चित्र डोळ्यांपुढे होतं.

जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे ती दिसली. २०१२ ची, दोन आसनी, जर्मन, पेट्रोलवर चालणारी. बटण दाबलं की धातूचं छत वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जाऊन बसतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्यांचा नाही. पाटी एमएच ३१, मीटरवर ४१,२०० किलोमीटर. "भाऊ, गाडी तं मख्खन आहे. सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांची. पोराकडे परदेशात गेले, म्हणून विकली." १६ लाख सांगितले, १४ लाख २५ हजारांवर सौदा झाला. साडेबारा लाख बँकेतून दिले, पावणेदोन रोख. रोख रकमेची पावती मिळाली नाही आणि मी ती मागितली नाही. "जशी आहे तशी घेतली" असं छापलेल्या कागदावर मात्र माझी सही घेतली गेली.

मी डोळे मिटून घेतली असं नाही. एका ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं होतं. त्याने वर्धा रोडवर चालवून पाहिली, लिफ्टवर चढवून खालून पाहिली, स्कॅनर लावला. खालचा भाग स्वच्छ होता, त्यावर काळा लेप नुकताच मारलेला होता. स्कॅनरवर एकही चूक नाही. चुका पुसून टाकल्या तर त्या लगेच दिसत नाहीत, गाडी काही दिवस चालल्यावर परत उमटतात, हे मला नंतर कळलं.

आता मागे वळून पाहतो तर पाच गोष्टी तेव्हाही समोरच होत्या. बारा वर्षांच्या गाडीत कार्पेट नवंकोरं होतं. मी समजलो, मालकाने जपली आहे. सर्व्हिसच्या नोंदी जून २०२३ पर्यंत नियमित होत्या आणि पुढे एकदम काहीच नाही. मी समजलो, डॉक्टर परदेशात गेले असतील. विमा फक्त थर्ड पार्टीचा, तोही महिन्याभरापूर्वी काढलेला. आणि आरसीवरचा पत्ता सिव्हिल लाइन्सचा नव्हताच, डागा लेआउटच्या बाजूचा होता. विचारलं तर म्हणाला, तो जुना पत्ता आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आधीच झालेल्या होत्या, तारखेची जागा कोरी. प्रत्येक गोष्टीला मी स्वतःच एक निरुपद्रवी कारण शोधून दिलं. गाडी आवडली होती, म्हणून.

पहिले पाच आठवडे सुखाचे गेले. डिसेंबरात एका संध्याकाळी छत अर्ध्यावर येऊन थांबलं, ना पुढे जाईना, ना मागे. तसंच उघडं घेऊन मी व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने चहा पाजला, स्वतःच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये पाठवलं. छत हलवणारा हायड्रॉलिक पंप गेला होता. मुंबईहून दुरुस्त केलेला पंप मागवला, १ लाख ३८ हजार लागले. व्यापाऱ्याने त्यातले दहा हजार आपल्या खिशातून दिले. "जुनी गाडी आहे भाऊ, एवढं चालतंच. पण आपण पाठीशी आहो." त्या दहा हजारांनी माझा विश्वास असा काही पक्का केला की पुढचे चार महिने प्रत्येक बिघाड मी त्याच्याच गॅरेजमध्ये नेला. आज असं वाटतं की ते दहा हजार त्याच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त खर्च असावा.

जानेवारीत माझ्या बाजूची सीट पुढेमागे होणं थांबलं, २२ हजार. फेब्रुवारीत दारांचे स्पीकर घरघरू लागले आणि डिकीतला अॅम्प्लिफायर गेला, ४६ हजार. मग बॅटरी, तीही डिकीतच, २१ हजार. डाव्या मागच्या दिव्याचं वायरिंग साडेनऊ हजार. पार्किंग सेन्सरचं मोड्यूल १७ हजार. काचेची मोटार साडेअठरा. मधल्या काळात मी हौसेने चार नवे टायर घातले, ९२ हजार, आणि सीटना नवं लेदर चढवलं, ५५ हजार. एकूण ४ लाख १९ हजार. बायको एकदा म्हणाली, "अहो, ही गाडी दर महिन्याला एक अवयव मागते." मी तिला समजावलं की अशा गाड्या अशाच सुधारत न्यायच्या असतात. मला ते खरंच वाटत होतं. एकेक बिघाड वेगळा दिसत होता, एकेक बिल वेगळं होतं, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा चांगली चालायची. गाडी हळूहळू सुधारत नेणाऱ्या माणसाला फसवणं म्हणूनच सोपं असतं. त्याला रोगाऐवजी फक्त पुढचं लक्षण दाखवत राहायचं.

जुलै २०२५ मध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि काचा आतून धुक्यासारख्या भरू लागल्या. कुबट वास येऊ लागला. व्यापाऱ्याचा फोन लागेना, म्हणून हिंगणा रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. काय काय बिघडलं ते विचारलं. मी वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी सगळी पानं वाचली आणि विचारलं, "भाऊ, वरचा आरसा, छताचं बटण, आतला लाइट, यातलं काही बिघडलं का कधी?"

नाही. एकदाही नाही.

"पंप खाली. सीटची मोटार खाली. स्पीकर दाराच्या खालच्या अंगाले. बॅटरी, अॅम्प्लिफायर डिकीच्या तळाले." त्यांनी हाताने हवेत एक आडवी रेघ ओढली, सीटच्या बैठकीपेक्षा थोडी वर. "याच्या खालचं सगळं गेलं, वरचं सगळं चांगलं. हे गाडी पाण्यात होती. सांगतलं नाही तुम्हाले त्यानं?"

मग त्यांनी सीटचे बोल्ट काढले. बोल्टच्या मुंडीवर रंग होता, आतला भाग गंजून तांबडा झालेला. नवं कार्पेट उचललं. त्याखालचा जाड स्पंज मात्र जुनाच होता, ओला, आणि त्याच्या खालच्या खाचांत करडा गाळ वाळून बसलेला. त्यांनी तो नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला.

तो वास मी ओळखला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझी बहीण त्याच भागात राहते. दोन दिवस मी तिच्या तळमजल्यावरचा गाळ घमेल्याने बाहेर काढला होता. तोच हा गाळ.

पाण्यात बुडालेली गाडी वाळवली की बरेचदा सुरू होते आणि महिनोन्‌महिने चालते. म्हणूनच ती विकता येते. गढूळ पाणी कनेक्टरच्या पिनांवर क्षार सोडून जातं, त्यातून वीज वाहत राहिली की तांबं हिरवं पडत पडत खाल्लं जातं. वायरच्या आवरणाच्या आतही पाणी चढत जातं, तिथे ते वाळत नाही. एक भाग बदलला तरी त्याला जोडणारी वायर तीच राहते. म्हणजे मी घातलेला प्रत्येक नवा भाग त्याच कुजलेल्या वायरीला जोडला जात होता.

यापुढचं लिहिताना अजून हात थरथरतो. शेजारच्या सीटखाली एक पिवळा कनेक्टर असतो. पिवळा रंग एअरबॅग आणि सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या वायरींचा. तो उघडला तर आत पिनांऐवजी एक छोटा रेझिस्टर जोडून टेप गुंडाळलेली. गाडीच्या संगणकाला वाटावं की सगळं जागेवर आहे, डॅशबोर्डवर दिवा लागू नये, एवढ्यासाठी. त्या सीटवर माझी अठरा वर्षांची मुलगी आठ महिने बसत होती. पैशाचं नुकसान मी एक दिवस विसरेन. कुणीतरी शांतपणे बसून ती टेप गुंडाळली, हे मात्र मला विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या आरसीची प्रत घेऊन त्या पत्त्यावर गेलो. मूळ मालक डॉक्टर नव्हते आणि परदेशातही गेले नव्हते. निवृत्त इंजिनिअर, त्याच घरात राहणारे. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उभी, पाणी सीटच्या वर. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलेली असते, तिच्या ७५ टक्क्यांहून दुरुस्तीचा खर्च जास्त होत असेल तर गाडी टोटल लॉस धरतात. तशी ती धरली गेली, त्यांना पैसे मिळाले, त्यांनी कागदांवर सह्या केल्या आणि क्रेनने गाडी नेली. ती बोलीने विकली गेली. "मला वाटलं भंगारात गेली," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. आरसी रद्द झालेलीच नव्हती, म्हणून गाडी माझ्या नावावर बिनबोभाट चढली.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळीच्या आतला भाग कुणी धूत नाही, तिथे चिखलाची रेघ राहते. डिकीचं कार्पेट उचला, स्पेअर टायरचा खड्डा बोटाने चाचपा, सीटच्या रुळांचे बोल्ट टॉर्चने पाहा. कार्पेट उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्वतः जा, व्यापाऱ्याने पाठवलेल्या पीडीएफवर राहू नका. मागच्या पॉलिसीची प्रत मागा आणि त्या विमा कंपनीला दाव्याबद्दल लेखी विचारा. आरसीवरच्या मालकाला प्रत्यक्ष भेटा. मी त्याला सौद्याआधी भेटलो असतो तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं, कारण तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. आणि व्यापाऱ्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का तेही बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते लागतं. माझ्याकडच्या व्यापाऱ्याने ते कधी दाखवलं नाही, आणि असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

जिल्हा ग्राहक आयोगात मी सप्टेंबर २०२५ मध्ये तक्रार दाखल केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, थांबू नका. वकीलसाहेबांच्या मते "जशी आहे तशी" या ओळीमुळे माहीत असलेली गोष्ट लपवण्याची मुभा मिळत नाही. रोख दिलेले पावणेदोन लाख मात्र सिद्ध करणं कठीण आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. वही, बिलं, मूळ मालकांनी दिलेले फोटो आणि पिवळ्या कनेक्टरचा व्हिडिओ, सगळं जोडलं आहे.

नोटीस गेल्यावर व्यापाऱ्याचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच गोड. "कायले कोर्टकचेरी करता भाऊ? गाडी माझ्याकडे आणून उभी करा. रायपूरकडचं एक गिऱ्हाईक आहे, साडेदहा लाखांत काढून देतो. फक्त ते कार्पेट परत टाकून द्या."

कार्पेट मी परत टाकलेलं नाही. गाडी हिंगणा रोडच्या शेडमध्ये उभी आहे, सीट बाहेर काढलेल्या आहेत आणि खाचांतला गाळ आहे तसा ठेवला आहे. ज्याला बघायचा असेल त्याने येऊन बघावा.