वायगावची हळद : तीन महिने वापरल्यावर

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात पिकणाऱ्या वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आमच्या घरात आजवर किराणा दुकानातली सुटी हळदच येत असे. यंदा उन्हाळ्यात वर्ध्याच्या एका विक्री केंद्रातून अर्धा किलो हळकुंडे आणि पाव किलो दळलेली हळद आणली, ती आईच्या गुडघ्यांसाठी.

आधी हळकुंडांविषयी, कारण ती मला मनापासून आवडली. बाहेरून ती मातकट, सुरकुतलेली दिसतात आणि हीच जमेची बाजू आहे. हळकुंडांना झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी शिसेयुक्त पिवळा रंग चोळला जातो आणि शिसे तर मुलांच्या मेंदूलाच अपाय करते. खलबत्त्यात एक हळकुंड फोडले, तेव्हा टणक आवाज झाला, आत गर्द नारिंगी रंग निघाला आणि ओल्या मातीसारखा, किंचित कडसर वास स्वयंपाकघरभर पसरला. वरणाला नेहमीच्या निम्मी हळद पुरते. सवयीने पूर्ण चमचा पडला, तर मात्र वरण कडवट होते. दळलेली हळदही चांगली आहे, पण पाकीट पारदर्शक आहे आणि हळदीतले कुरकुमीन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, उजेडाने झडते, म्हणून घरी येताच ती स्टीलच्या डब्यात भरावी.

आता औषधाचे. पाकिटावर कुरकुमीन ६ टक्के असल्याचे छापले आहे. सर्वसाधारण हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असते. म्हणजे रात्रीच्या दुधात घातलेल्या अर्ध्या चमच्यातून, दीड ग्रॅम हळद धरली, तर ९० मिलिग्रॅम कुरकुमीन मिळते. गुडघेदुखीवर ज्या चाचण्यांत थोडाफार आराम दिसला, त्यांत बहुधा दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम अर्क दिलेला असतो. शिवाय कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही आणि जे थोडेफार शोषले जाते तेही यकृत लगेच बदलून बाहेर टाकते. दुधाची साय आणि चिमूटभर मिरपूड यांचे महत्त्व इथे आहे : मिरीतल्या पायपरीनमुळे कुरकुमीन रक्तात सुमारे २० पट अधिक उतरते, असे १९९८ साली बंगळुरूत झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिसले होते. आईने तीन महिने हे दूध नेमाने घेतले. झोप शांत लागते असे ती म्हणते, जिना चढताना मात्र कठडा अजून धरावाच लागतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपल्याकडे उगीच रुजलेली नाही.

खरी तक्रार केंद्रातून सोबत मिळालेल्या पत्रकाबद्दल आहे. त्यात मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळे बरे होते असे लिहिले आहे आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ‘पूर्ण निर्धोक’ म्हटल्या आहेत. आई हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी जेवणातली हळद चालू ठेवायला सांगितले आणि कॅप्सूल स्पष्टपणे मना केल्या, कारण अर्काच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनीही त्या टाळाव्यात. मिरीयुक्त अर्काने काही जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद आहे. इतकी चांगली हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालाला असल्या दाव्यांची गरज काय, हे वाचून मला फार वाईट वाटले.

जखमेवर हळद दाबण्याचा आपला उपाय जुना आहे, हे मात्र जगाने मान्य केले आहे : १९९५ साली अमेरिकेत त्यावर दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ साली रद्द करवले, ते ही विद्या नवी नाही म्हणूनच. विळीने बोट कापले तेव्हा मी ही हळद लावली, पण आधी जखम धुऊन घेतली. आईचा पाय मुरगळला तेव्हा हळद-चुन्याचा गरम लेप दिला, त्याने ठणका उतरला.

अर्ध्या किलो हळकुंडांचे १८० रुपये पडले. बाजारापेक्षा दर जास्त आहे, पण निम्मीच लागते. पुढच्या वेळी फक्त हळकुंडेच आणीन आणि घरीच दळीन; कॅप्सूलची बाटली न उघडता केंद्रात परत केली आहे आणि पत्रक बदलावे असे तिथल्या वहीत लिहून आले आहे.